रे, कोमल ग, सा, नी : शोस्ताकोविच ऐकताना

पेटीवर पांढरी एक हा षड्ज धरावा आणि चार स्वर सावकाश वाजवावेत : रे, मग कोमल गंधार, मग सा, आणि शेवटी त्याच्या लगत खाली मंद्र सप्तकातला शुद्ध निषाद. काळ्या-पांढऱ्या मिळून अवघ्या पाच पट्ट्यांच्या जागेत हे चारही स्वर बसतात. कोमल गंधार आणि शुद्ध निषाद एकत्र असलेले पटदीप किंवा कीरवाणी हे राग आपल्या कानांना परके नाहीत. पण तिथे हे स्वर मोकळ्या अंगाने सप्तकभर हिंडतात, तर इथे ते अरुंद खोलीत येरझारा घालणाऱ्या माणसासारखे वाटतात. निषादावर येऊन थांबले की पुढे षड्ज यावा अशी कानाची अपेक्षा असते आणि तो येत नाही.

हे चार स्वर म्हणजे दिमित्री शोस्ताकोविच या रशियन संगीतकाराची सही आहे. जर्मन पद्धतीत स्वरांना जी अक्षरनावे आहेत त्यांनुसार या चार स्वरांची नावे डी, एस, सी आणि एच अशी होतात, आणि जर्मन वळणाने लिहिलेल्या त्याच्या नावाचे आद्याक्षर व आडनावाची सुरुवातीची तीन अक्षरे नेमकी हीच आहेत. स्वरांतून नाव लिहिण्याची ही क्लृप्ती जर्मन संगीतकार बाखनेही केली होती, त्यामुळे ती शोस्ताकोविचची स्वतःची नव्हे. परंतु जिथे आपले मत कागदावर लिहिणे जिवावर बेतू शकत होते, तिथे एका माणसाने आपले नाव वाद्यवृंदाच्या तोंडून सर्वांसमक्ष पुन्हा पुन्हा वदवून घेतले, हे मात्र वेगळे आहे. त्याच्या प्रमुख रचना समजून घेताना हाच प्रश्न सतत समोर येतो : शब्द नसलेल्या संगीताचा अर्थ ठरवायचा कोणी?

शोस्ताकोविचचा जन्म २५ सप्टेंबर १९०६ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. म्हणजे १९१७ च्या ऑक्टोबर क्रांतीच्या वेळी तो अकरा वर्षांचा होता आणि त्याचे जवळजवळ सगळे संगीत सोव्हिएत राजवटीतच लिहिले गेले. वडील गेल्यावर घर चालवण्यासाठी त्याने मूकपटांच्या थिएटरांत पडद्याखाली बसून पियानो वाजवला. पडद्यावरचा पाठलाग, रडारड आणि फजिती यांच्यात क्षणार्धात उडी मारण्याची सवय त्याला तिथेच लागली असावी असे मला वाटते, कारण पुढे त्याच्या अत्यंत गंभीर रचनांतही सर्कशीतला बँड अचानक घुसतो. संगीत विद्यालयातून उत्तीर्ण होण्यासाठी लिहिलेली त्याची पहिली सिंफनी १२ मे १९२६ रोजी लेनिनग्राडमध्ये, म्हणजे नव्या नावाच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, निकोलाय माल्को यांच्या संचालनाखाली वाजली, तेव्हा त्याचे वय एकोणीस होते. दोन-तीन वर्षांतच ती युरोप-अमेरिकेत पोहोचली.

इथे सिंफनी म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवे. सिंफनी ही मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली, बहुधा चार भागांची दीर्घ रचना असते. तिच्यातला प्रत्येक स्वर आधीच कागदावर उतरवलेला असतो. मैफलीत गायक जसा राग त्या क्षणी उलगडतो तसे इथे काही नसते, वाजवणाऱ्याच्या हाती उरते ती लय, जोर आणि नादाचा पोत. आपल्याकडे षड्ज एकदा धरला की मैफलभर तोच आधार राहतो. सिंफनीत मात्र तो षड्जच जागा बदलतो, एखादी सुरावट एका आधारस्वरावरून दुसऱ्यावर जाते, तुटते, विकृत होते आणि कधी कधी शेवटी मूळ घरी परत येते. या घरवापसीत एक गोष्ट दडलेली असते. शब्द नसतात, म्हणून ती गोष्ट सेन्सॉरला खोडता येत नाही. आणि शब्द नसतात म्हणूनच ती कोणालाही आपल्या सोयीने वाचता येते.

शोस्ताकोविचच्या आयुष्याला पहिला तडाखा बसला तो मात्र शब्द असलेल्या रचनेमुळे. निकोलाय लेस्कोव यांच्या कथेवरचा त्याचा 'म्त्सेन्स्क जिल्ह्यातील लेडी मॅकबेथ' हा ऑपेरा २२ जानेवारी १९३४ रोजी लेनिनग्राडमध्ये रंगभूमीवर आला. ऑपेरा हा आपल्या संगीत नाटकाचा दूरचा नातेवाईक म्हणता येईल, पण यात संवाद आणि पद अशी विभागणी सहसा नसते, जवळपास सगळेच गायले जाते. व्यापाऱ्याच्या घरात कोंडलेली कॅतेरिना घरात नोकरीला आलेल्या सेर्गेईच्या प्रेमात पडते, सासऱ्याला अळंब्यांतून उंदराचे विष घालते, नवऱ्याचाही खून होतो, आणि गोष्ट सायबेरियाच्या वाटेवर कैद्यांच्या तांड्यात संपते. शृंगाराचा प्रसंग वाद्यवृंदाने इतक्या उघडपणे रंगवला आहे की ट्रॉम्बोनच्या घसरत्या मिंडी ऐकून आजही प्रेक्षक अवघडतात. दोन वर्षे हा ऑपेरा तुडुंब गर्दीत चालला.

२६ जानेवारी १९३६ रोजी स्टालिन तो पाहायला मॉस्कोच्या बोल्शोय थिएटरमध्ये आला आणि शेवटापर्यंत थांबला नाही. दोनच दिवसांनी 'प्रावदा' या कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्रात 'संगीताऐवजी गोंधळ' या मथळ्याचा निनावी लेख छापून आला. हा खेळ वाईट रीतीने संपू शकतो, अशी धमकी त्यात होती. त्या काळात 'प्रावदा'तला निनावी लेख म्हणजे टीकाकाराचे मत नसे, तो सरकारी निर्णय असे. काल कौतुक करणाऱ्यांनी आज माघार घेतली. शोस्ताकोविचचा आश्रयदाता मार्शल तुखाचेव्स्की याला जून १९३७ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. आपल्यालाही रात्री कधीतरी उचलून नेतील, ही भीती शोस्ताकोविचच्या बाबतीत कल्पित नव्हती.

तडाखा बसला तेव्हा तो चौथी सिंफनी लिहीत होता. ती त्याने पुरी केली, डिसेंबर १९३६ मध्ये तालमीही झाल्या, पण कार्यक्रमाच्या तोंडावर ती मागे घेतली गेली. ही सिंफनी प्रचंड वाद्यवृंदाची, पसरट, मध्येच फुटणारी आणि शेवटी काचेसारख्या थंड शांततेत विरून जाणारी आहे. विजयाचा आशावाद मागणाऱ्या वर्षात ती वाजली असती तर काय झाले असते याचा अंदाज करणे कठीण नाही. युद्धात तिची मूळ संहिता हरवली, वादकांसाठी उतरवलेल्या सुट्या प्रतींवरून ती पुन्हा जुळवावी लागली, आणि पंचवीस वर्षांनी, ३० डिसेंबर १९६१ रोजी, किरिल कोंद्राशिन यांच्या संचालनाखाली ती प्रथम लोकांनी ऐकली. माझ्या मते त्याने याहून धाडसी सिंफनी पुढे कधी लिहिली नाही.

तिच्या जागी आली पाचवी. २१ नोव्हेंबर १९३७ रोजी येव्गेनी म्राविन्स्की यांनी ती लेनिनग्राडमध्ये सादर केली. संथ तिसऱ्या भागात श्रोते उघडपणे रडत होते आणि अखेरच्या टाळ्या अर्ध्या तासाहून अधिक चालल्या, असे सांगतात. एका पत्रकाराने तिला 'न्याय्य टीकेला सोव्हिएत कलावंताचे सर्जनशील उत्तर' असे म्हटले आणि तेच बिरुद तिला चिकटले. सरकारचे समाधान झाले होते, श्रोत्यांचेही झाले होते. मात्र दोघांनी ऐकले ते एकच होते का, हा वाद अजून मिटलेला नाही.

हा वाद नेमका कुठे आहे ते शेवटच्या दोन मिनिटांत स्वतः ऐकता येते. डी हा स्वर षड्ज मानला तर तो शेवट लख्ख शुद्ध गंधाराच्या घरात येतो : पितळी वाद्ये विजयगीत गातात, नगारे सा-प, सा-प असे ठोकत राहतात, आणि या सगळ्यावर व्हायोलिने व बासऱ्या एकच पंचम पुन्हा पुन्हा पुन्हा घासतात. पंचम हा आपल्याकडेही अचल स्वर, आनंदाचा किंवा दुःखाचा असा त्याचा पक्ष नसतो. हा भाग वेगात वाजवला तर तो उत्सव वाटतो. निम्म्या लयीत वाजवला तर तोच पंचम डोक्यात खिळा ठोकल्यासारखा वाटतो, आणि कोणीतरी काठी उगारून 'हसा, हसा' म्हणत आहे असा भास होतो. गंमत अशी की छापील संहितांमध्येच लयीचे दोन वेगवेगळे आकडे आढळतात, एक दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट. अमेरिकन संचालक लेनर्ड बर्नस्टाइन यांनी १९५९ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसह मॉस्कोत ही सिंफनी अतिशय वेगात वाजवली तेव्हा शोस्ताकोविच सभागृहात होता आणि तो व्यासपीठावर येऊन त्यांना भेटला. म्हणजे वेगवान शेवट त्याला नामंजूर होता असेही म्हणता येत नाही.

सातव्या सिंफनीची कथा एवढी मोठी आहे की संगीत तिच्यामागे झाकले जाते. जर्मनीने जून १९४१ मध्ये स्वारी केली, जुलैत शोस्ताकोविचने लेनिनग्राडमध्ये लिहायला घेतले, ८ सप्टेंबरला शहराला वेढा पडला. पहिले तीन भाग वेढ्यातल्या शहरात झाले, मग त्याला कुटुंबासह बाहेर काढण्यात आले आणि डिसेंबरअखेर कुइबिशेव येथे, म्हणजे आजच्या समारात, सिंफनी पूर्ण झाली. तिथेच ५ मार्च १९४२ रोजी ती प्रथम वाजली. नंतर संहिता मायक्रोफिल्मवर उतरवून तेहरान आणि कैरोमार्गे अमेरिकेला पोहोचवण्यात आली, आणि १९ जुलै १९४२ रोजी आर्तुरो तोस्कानिनी यांनी ती रेडिओवरून सादर केली. त्याच सुमारास अग्निशामकाचे शिरस्त्राण घातलेला शोस्ताकोविच 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला.

पण खरे वादन झाले ते ९ ऑगस्ट १९४२ रोजी लेनिनग्राडमध्येच. आदल्या हिवाळ्यात शहराने उपासमारीने माणसे गमावली होती ती लाखांच्या हिशेबात. म्राविन्स्की यांचा प्रसिद्ध वाद्यवृंद आधीच शहराबाहेर हलवला गेला होता. मागे उरला होता रेडिओचा वाद्यवृंद आणि त्याचे संचालक कार्ल एलियासबर्ग. पहिल्या तालमीला वाजवण्याच्या अवस्थेत असलेले वादक पंधराच्या आसपास होते, आणि सिंफनीला हवे होते शंभराच्या घरात. तुताऱ्या फुंकायला छातीत दम नव्हता. वादकांना जादा शिधा दिला गेला, आघाडीवरच्या फौजी बँडांतून वाजवणारे शोधून आणले गेले. कार्यक्रमाच्या वेळी शत्रूच्या तोफा गप्प राहाव्यात म्हणून सोव्हिएत तोफखान्याने आधी जोरदार मारा केला, आणि कर्ण्यांवरून ते संगीत शहरात आणि पलीकडे जर्मन खंदकांपर्यंत ऐकवले गेले.

आता संगीताकडे वळू. पहिल्या भागाच्या मध्यावर एक छोटा ताशा अगदी हलक्या हाताने सुरू होतो आणि त्यावर एक बाळबोध, शीळ घालावी अशी चाल येते. ती बदलत नाही. फक्त वाद्ये वाढत जातात, आवाज वाढत जातो, आणि तीच चाल बारा वेळा येता येता राक्षसी होते. एकच सुरावट आणि चढता आवाज ही युक्ती राव्हेल यांच्या 'बोलेरो'त ऐकलेली असते. तिथे तिच्यातून नशा चढते, इथे भीती. हंगेरियन संगीतकार बेला बार्तोक यांना ही चाल इतकी पोकळ वाटली की त्यांनी आपल्या एका रचनेत तिची टिंगल केली. मला बार्तोक यांचे गाऱ्हाणे समजते, पण ती चाल पोकळ आहे हाच तर मुद्दा आहे. क्रूरता गहन असावी लागत नाही. तिला फक्त कोणी थांबवायला नको असते. अर्थात ही क्रूरता हिटलरची की त्याआधी शहराचे लचके तोडणाऱ्या स्वतःच्या राजवटीचीही, हा प्रश्न इथेही उरतोच.

ही सिंफनी सुमारे सव्वा तास चालते आणि तिचे मधले भाग सैल आहेत हे मान्य करायला हवे. १९४३ ची आठवी तिच्याहून अधिक घट्ट आणि अधिक काळी आहे. मग १९४५ साली युद्ध जिंकल्यावर सगळ्यांना नवव्या सिंफनीची अपेक्षा होती, आणि बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीमुळे नऊ या आकड्यालाच गायकवृंद, भव्यता, मानवजातीचा जयजयकार असे वजन चिकटलेले असते. शोस्ताकोविचने दिली ती जेमतेम पंचवीस मिनिटांची, खोडकर, शीळ घालत चालणारी रचना. विजयाच्या मिरवणुकीत कोणीतरी विदूषकाची टोपी घालून यावे तसा हा प्रकार होता आणि तो विसरला गेला नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये पक्षाने 'रूपवादी', म्हणजे आशयापेक्षा रचनेच्या रूपालाच महत्त्व देणाऱ्या, संगीतकारांविरुद्ध ठराव केला, त्यात प्रोकोफिएव आणि खाचातुरियन यांच्यासह शोस्ताकोविचचे नाव होते. अध्यापनाच्या जागा गेल्या. पोटासाठी त्याने चित्रपटांना संगीत दिले, वनीकरणाची महती गाणारी गाणीही लिहिली. आणि ज्या रचना आज त्याच्या थोरवीची साक्ष देतात त्यांतल्या काही टेबलाच्या खणात राहिल्या. पहिला व्हायोलिन कन्चेर्तो, म्हणजे एकट्या व्हायोलिनची वाद्यवृंदासोबतची रचना, १९४८ मध्ये तयार होता, तो डेव्हिड ओइस्त्राख यांनी वाजवला १९५५ मध्ये.

स्टालिन ५ मार्च १९५३ रोजी मेला. त्याच दिवशी प्रोकोफिएवही वारले, आणि त्यांच्या बातमीला वर्तमानपत्रांत जागा उरली नाही. वर्ष संपण्याआधी, १७ डिसेंबरला, शोस्ताकोविचची दहावी सिंफनी वाजली. तिचा दुसरा भाग जेमतेम चार मिनिटांचा आहे, श्वास न घेता धावणारा आणि हिंस्र. तो स्टालिनचे चित्र आहे असे सर्रास सांगितले जाते, परंतु त्या विधानाचा उगम संगीतकाराच्या मृत्यूनंतर १९७९ मध्ये पश्चिमेत प्रसिद्ध झालेल्या आणि सत्यतेबद्दल मोठा वाद असलेल्या तथाकथित आठवणींत आहे. तेव्हा ते वेदवाक्य मानू नये. तिसऱ्या भागात मात्र जे आहे ते कागदावर वाचता येते. तिथे आपली चार स्वरांची सही स्पष्टपणे येते, आणि तिच्यासमोर हॉर्न एक पाच स्वरांची हाक बारा वेळा घालतो : आपल्या पेटीवर ग, ध, ग, रे, ध. ते नाव आहे एल्मिरा. बाकूची पियानोवादक एल्मिरा नझिरोव्हा ही त्याची एकेकाळची विद्यार्थिनी, आणि त्या वर्षी तो तिला भरभरून पत्रे लिहीत होता. पक्षाचे समीक्षक सिंफनीत युद्ध आणि शांतता शोधत बसले असताना आत एक माणूस एका बाईला हाक मारत होता. चौथ्या भागाच्या अखेरीस तर ती सही नगाऱ्यांवर ठोकली जाते.

या चार स्वरांचे घर मात्र आठवे स्ट्रिंग क्वार्टेट आहे. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो एवढाच संच; आडोसा नाही, आवाजाचा डोंगर नाही. शोस्ताकोविचने पंधरा सिंफन्या लिहिल्या तशी पंधरा क्वार्टेट्सही लिहिली. सिंफनी हे जाहीर भाषण असेल, तर क्वार्टेट म्हणजे दार लावून केलेले बोलणे. जुलै १९६० मध्ये तो एका चित्रपटाच्या कामासाठी ड्रेस्डेनजवळच्या गोरिश गावी गेला होता. चित्रपटाचे काम बाजूला राहिले आणि १२ ते १४ जुलै या तीन दिवसांत हे क्वार्टेट लिहून झाले. 'फॅसिझम आणि युद्ध यांच्या बळींच्या स्मृतीस' अशी अर्पणपत्रिका त्यावर आहे. मित्र इसाक ग्लिकमन यांना पाठवलेल्या पत्रात मात्र त्याने निराळेच लिहिले : मी मेल्यावर माझ्या स्मरणार्थ कोणी क्वार्टेट लिहील असे वाटत नाही, म्हणून मीच ते लिहिले. त्याच वर्षी, अनेक वर्षे टाळल्यानंतर, त्याने कम्युनिस्ट पक्षाचे सभासदत्व घेतले होते, आणि जवळच्यांच्या सांगण्यानुसार तो त्यामुळे पार खचला होता.

सुरुवात चेलोने होते : रे, कोमल ग, सा, नी. मग व्हायोला तीच सुरावट घेते, मग दुसरे व्हायोलिन, मग पहिले. एकेक जण खोलीत येऊन तेच नाव पुटपुटत बसल्यासारखे. पुढे पाच भाग न थांबता येतात आणि त्यांत तो स्वतःच्याच जुन्या रचनांची पाने उलटतो. एकोणिसाव्या वर्षीची पहिली सिंफनी येते, दुसऱ्या पियानो ट्रिओतले ज्यू नृत्य ओरडत येते, चेलो कन्चेर्तो येतो. चौथ्या भागात एक स्वर लांब ताणलेला असतो आणि त्यावर तीन कडक ठोके पडतात. कोणी त्याला बाँबचा आवाज म्हणतात, कोणी मध्यरात्री दारावर पडलेली थाप. थोड्या वेळाने चेलो उंच पट्टीत, कोवळ्या आवाजात एक चाल गातो. ती १९३६ साली ज्याच्यावर बंदीची कुऱ्हाड कोसळली त्या ऑपेऱ्यातली आहे : कैद्यांच्या तांड्यात कॅतेरिना आपल्या सेर्गेईला लाडाने हाक मारते ती. चोवीस वर्षांपूर्वी ज्या रचनेने त्याचे आयुष्य उलटेपालटे केले तीच त्याने स्वतःच्या मृत्युलेखात जपून ठेवली. ज्यांना शोस्ताकोविच प्रथमच ऐकायचा आहे त्यांनी सातव्या सिंफनीपासून नव्हे, या वीसेक मिनिटांपासून सुरुवात करावी असे माझे मत आहे.

त्यानंतर तो पुन्हा शब्दांकडे उघडपणे परतला. १९६२ च्या तेराव्या सिंफनीत त्याने येव्गेनी येव्तुशेंको यांच्या कविता घेतल्या. पहिली कविता आहे कीवजवळच्या बाबी यार घळीबद्दल, जिथे २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत नाझींनी ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या आणि जिथे सोव्हिएत सरकारने त्या वेळेपर्यंत स्मारक उभारले नव्हते. या वेळी अर्थाबद्दल कोणालाच शंका नव्हती, म्हणून दडपणही उघड आले. म्राविन्स्की यांनी संचालन केले नाही, एका गायकाने ऐन दिवशी माघार घेतली, तरीही १८ डिसेंबरला कोंद्राशिन यांनी मॉस्कोत ती सादर केली. त्यानंतरच्या रचना अधिकाधिक विरळ होत गेल्या. चौदावी सिंफनी म्हणजे मृत्यूवरच्या कवितांची अकरा गाणी. १९७४ चे पंधरावे क्वार्टेट म्हणजे एकामागून एक सहा विलंबित भाग.

शेवटची रचना व्हायोला आणि पियानोची सोनाटा. त्याचा उजवा हात निकामी होत चालला होता, लिहिणे कष्टाचे झाले होते, तरी जुलै १९७५ मध्ये ती पुरी झाली आणि ९ ऑगस्टला, लेनिनग्राडमधल्या त्या वादनानंतर बरोबर तेहेतीस वर्षांनी, मॉस्कोत त्याचे निधन झाले. सोनाटाच्या शेवटच्या भागात पियानोवर बीथोव्हेनच्या 'मूनलाइट' सोनाटाचे ओळखीचे तुकडे उमटतात आणि व्हायोला त्यांच्याभोवती हळूहळू फिरत राहते. मग पांढरी एकच्या त्याच षड्जाच्या घरात, यावेळी शुद्ध गंधारासह, व्हायोलाचा एक लांब स्वर ऐकू येईनासा होईपर्यंत विरत जातो.